खिडकीजवळची बरणी

माझा दादा गोळ्या करतो. मुलं चघळतात त्या, साखरेच्या. औषधाच्या नव्हेत आणि बंदुकीच्या तर नव्हेतच. हा खुलासा तो प्रत्येक नव्या माणसाला करायचा आणि प्रत्येक वेळी स्वतःच आधी हसायचा. हल्ली खुलासाही करत नाही आणि हसतही नाही.

पुढे दुकान, मागे भट्टी. चव्वेचाळीस वर्षं त्याच एका संगमरवरी ओट्यावर तो पाक ओततोय. ओट्याला मधोमध खळगा पडलाय. भिंतीत लोखंडी आकडा आहे, त्यावर तो पाकाचा गोळा अडकवतो, ओढतो, दुमडतो, पुन्हा ओढतो. ओढता ओढता पाक पांढरा आणि चमकदार होत जातो. उष्णता मोजायची नळी भाच्याने, म्हणजे दादाच्या मुलाने, आणून दिली होती, ती खिळ्याला टांगलेली आहे. दादा पाकाचा थेंब गार पाण्यात टाकतो आणि दाताखाली धरतो. टक् वाजलं की पातेलं उतरवायचं. उजव्या हाताच्या दोन बोटांवर ठसे म्हणून उरलेले नाहीत, आणि स्वतःचे दात म्हणाल तर पाच. त्यातला एक या टक् साठी राखून ठेवलाय असं तो म्हणायचा.

मी त्याची धाकटी बहीण. नवरा गेल्यापासून रोज अकराला दुकानात येते आणि गोळ्या कागदात गुंडाळते. दोन्ही टोकांना एकाच बाजूला पीळ देते. दादा एक इकडे, एक तिकडे असा देतो. त्याचं म्हणणं माझी गोळी लवकर सुटते, माझं म्हणणं गोळी सुटण्यासाठीच असते. यावरून आमची वीस वर्षं जुंपलेली आहे.

दुकानात फळीवर पाच बरण्या. त्यांची जागा ठरलेली. खिडकीजवळची पाचवी बरणी नारिंगी गोळ्यांची. "माझे डोळे बांधा आणि कुठलीही गोळी मागा," असं दादा गिऱ्हाइकांना सांगायचा, "हात बरोबर बरणीवर जाईल." आणि जायचाही. आम्हाला त्याचं कौतुक होतं. हल्ली तो तसं सांगत नाही.

भाच्याची मुलगी सात वर्षांची. रांगायला लागली तेव्हा भट्टीत सांडलेली साखर शोधत कोपऱ्या-कोपऱ्यातून फिरायची, म्हणून तिचं नाव मुंगी पडलं. अडीच वर्षांपूर्वी ती एकाएकी घटाघटा पाणी प्यायला लागली. वाळली. शाळेत झोपायला लागली. दवाखान्यात नेली तेव्हा कळलं की खाल्लेली साखर जिरवायला शरीरात जे लागतं ते तिच्या शरीरात तयारच होत नाही. आता रोज चार इंजेक्शनं, जन्मभर.

"माझ्या गोळ्यांनी झालं का हे?" दादाने डॉक्टरांना विचारलं होतं.

"नाही हो आजोबा. हा आजार गोड खाऊन होत नाही. मूल साधं आयुष्य जगेल, शिकेल, खेळेल."

"तुमच्या तोंडात साखर पडो," दादा म्हणाला आणि मान डोलावली. पण त्याला ते पटलं नव्हतं. मी त्याच्या पाठची, मला त्याची मान कळते.

डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट सांगितली होती, दोनदा सांगितली होती. साखर चढते त्याची भीती आहेच, पण इंजेक्शन घेतल्यावर खेळून-धावून ती एकदम उतरली तर धोका तिथल्या तिथे आहे. घाम येईल, हात थरथरतील, मूल चिडचिडेल नाहीतर गप्प बसेल, आणि तेवढ्यात साखर पोटात गेली नाही तर बेशुद्ध पडेल. म्हणून जवळ कायम साखर हवी. भाचेसून शिंपीकाम करते. तिने मुंगीच्या प्रत्येक फ्रॉकला आतून एक कप्पा शिवला. त्यात चार नारिंगी गोळ्या. दोन चावून खायच्या, मोठ्या माणसाला सांगायचं, पंधरा मिनिटं बसायचं, बरं नाही वाटलं तर उरलेल्या दोन. मुंगीला हे पाढ्यासारखं पाठ होतं.

औषधाच्या दुकानात त्यासाठी तयार चकत्या मिळतात. पण दादा सुनेपुढे चक्क हात जोडून उभा राहिला. "बाकी सगळं डॉक्टरांचं. तेवढ्या चार गोळ्या तरी माझ्या असू देत." डॉक्टर म्हणाले, शुद्ध साखरेची असेल तर चालेल. मग दर शुक्रवारी दादा त्या चार गोळ्या बदलायला लागला. साखरेची गोळी अंगाच्या उबेने पाझरते, कागदाला चिकटते. नातीच्या खिशात शिळी गोळी हे त्याला खपण्यासारखं नव्हतं.

वर्षाअखेरची सुट्टी लागली की आमच्या वसाहतीच्या हॉलमध्ये मुलांचा मेळावा भरतो. गोळ्या दादाच्याच. पोरामागे एक पिशवी, पिशवीत चाळीस गोळ्या. पोरं घरी पोचेपर्यंत निम्मी पिशवी रिकामी करायची आणि रात्री आया दादाच्या नावाने बोटं मोडायच्या. दोन वर्षांपूर्वी मुंगी त्या मेळाव्यात पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. उघडली नाही. घरी आल्यावर तिने ती दादाच्या हातात दिली आणि म्हणाली, "आजोबा, तुम्ही परत बरणीत टाका."

दादा त्या दिवशी जेवला नाही.

गेल्या वर्षी मेळाव्याची बैठक भरली तेव्हा दातांच्या डॉक्टरीणबाई भीत भीत म्हणाल्या, "गोळ्या थोड्या कमी करता येतील का? म्हणजे काकांना वाईट वाटणार नसेल तर." काकाच उठून उभे राहिले. "कमी कशाला? साखर बंदच करू. पोरामागे तीन गोळ्या, त्याही बिनसाखरेच्या, मी करतो. बाकी पिशवीत पेन्सिल, शिट्टी, चेंडू. सरबत नको, केक नको. चहासुद्धा बिनसाखरेचा ठेवा. मोठ्यांनी खायचं आणि पोरांनी बघायचं, असं नको."

टाळ्या पडल्या. मी नाही वाजवल्या. अति तिथे माती, हे माझं मत मी तिथल्या तिथे सांगितलं, पण आमचं कोण ऐकतो. बिनसाखरेचा चहा मला घशाखाली उतरत नाही. मी मनाशी ठरवलं, आपली साखर आपण पुडीत बांधून न्यायची. दादाचं राज्य त्याच्या भट्टीपुरतं, माझ्या कपात नाही.

बिनसाखरेची पावडर आली. दिसायला साखरेसारखीच, पण वागायला भलतीच. पहिले तीन घाणे दादाने फेकून दिले. तिला उष्णता जास्त लागते, ओढायला वेळ मिळत नाही, काचेसारखी घट्ट होते. चौथ्या वेळी जमलं. दादाने एक गोळी मला दिली.

"सांग."

रंग तोच, पट्टे तेच, नारिंगीचा वास तोच. पण जिभेवर ठेवताच आधी गार लागली, पुदिन्याशिवायचा गारवा. मग हळूहळू गोड.

"गार आहे."

"मोठ्या माणसालाच कळतं ते, तेही जीभ लावली तर," दादा म्हणाला. तो इतका खूश होता की खिळ्यावरच्या त्या नळीलाही त्याने प्रेमाने थोपटलं. "आणि पाझरत नाही गं ही! महिनाभर खिशात राहिली तरी कोरडी ठणठणीत."

"मग हिला वेगळा कागद लावू. निळा."

"नाही."

"दादा, घोटाळा होईल."

"वेगळा कागद लावला की पोरं विचारणार, ही कोणाची, ती कोणाची. मुंगीची गोळी वेगळी दिसायला नको. सगळ्यांची तीच, तिचीही तीच. कागदही तोच."

माझ्या मनात पाल चुकचुकली, हे मी आज सांगते म्हणून नाही. खरंच चुकचुकली. पण त्याच्या तोंडावर वर्षभराने आनंद दिसत होता, तो घालवायची माझी छाती झाली नाही. म्हटलं, बिनसाखरेच्या आत भट्टीत राहतील, साखरेच्या बाहेर दुकानात. गोंधळ होणार कुठे?

तीन आठवडे साखरेचं पातेलं चुलीवर चढलं नाही. बरण्या उतरत गेल्या. बुधवारी मेळाव्याच्या पिशव्या भरून झाल्या आणि माझ्यापुढे ताटात तीसेक नारिंगी गोळ्या उरल्या. दादा पिशव्या हॉलवर पोचवायला गेला होता. खिडकीजवळच्या बरणीत तळाला पाच-सहाच गोळ्या होत्या. दुकानात रिकामी बरणी मला बघवत नाही, आमच्या आईलाही बघवायची नाही. मी ताट उचललं आणि बरणीत ओतलं.

ओतताना मला ठाऊक होतं त्या कुठल्या आहेत ते. मी मनात म्हटलंही, दादा आला की सांगते. तेवढ्यात दूधवाला आला, त्याच्याशी पाणी घालण्यावरून वाजलं, मग दादा आला तो हॉलच्या किल्ल्यांची कटकट घेऊन. एवढंच झालं. यापेक्षा मोठं कारण माझ्याकडे नाही. मी खूप शोधलं.

शुक्रवारी दादाने सवयीप्रमाणे न बघता खिडकीकडे हात घातला, वरच्या चार गोळ्या काढल्या आणि मुंगीच्या पिवळ्या फ्रॉकच्या कप्प्यात ठेवल्या.

शनिवारी मेळावा. भाचा लांबच्या फेरीवर गाडी घेऊन गेलेला, भाचेसुनेला सुट्टीच्या दिवसांत कपड्यांची घाई. ती सहापर्यंत येणार होती. दुपारचं इंजेक्शन आणि जेवण उरकून मुंगी आमच्याबरोबर आली. फळांच्या टोपल्या पोरांनी पहिल्या पंधरा मिनिटांत फस्त केल्या, नुसती सालं उरली. मग काकडी, शेंगदाणे आणि खेळ. धावायच्या शर्यती, दोरीउड्या, पुन्हा शर्यती. शिट्ट्यांनी कान किटले. मुंगी या वेळी सगळ्यांत होती. तिच्या हातात सगळ्यांसारखी पिशवी होती, तीन गोळ्या तिने सगळ्यांबरोबर खाल्ल्या. दादा भिंतीशी खुर्ची टाकून हे बघत होता. मी त्याच्याशेजारी बिनसाखरेचा चहा घेऊन बसले होते आणि पर्समधली पुडी त्याची नजर चुकवून कशी काढावी या विचारात होते.

पाच वाजायला वीस मिनिटं असताना मुंगी आमच्याजवळ आली. कपाळावरचे केस ओले झाले होते.

"आजोबा, हात थरथरतायत. मी दोन खाल्ल्या."

"कप्प्यातल्या?"

"हो. चावून."

"शाब्बास माझी वाघीण! बस इथे. आता पंधरा मिनिटं."

ती त्याच्या मांडीला टेकून बसली. दादाने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर काळजी नव्हती, उलट थोडा अभिमानच होता. पोरीने सगळं शिकवल्याप्रमाणे केलं होतं आणि गोळी त्याची होती.

मी पुडीचा विचार सोडून दिला आणि तिच्याकडे बघत राहिले. घाम थांबत नव्हता. पाच मिनिटं झाली. "घरी जायचं," ती म्हणाली. मग म्हणाली, "शिट्टी नको ना वाजवू," पण शिट्टी कोणी वाजवत नव्हतं. दहा मिनिटं. ओठ पांढरे पडले होते. दादाने स्वतःच कप्प्यातल्या उरलेल्या दोन काढल्या, कागद सोडले आणि तिच्या तोंडात दिल्या. ती चावत होती, पण हळू, जबडा आपला नसल्यासारखी.

"एवढ्यात बरं वाटायला हवं होतं," दादा म्हणाला. "चार झाल्या. चार."

त्याच्या हातात कागद होता. त्याने तो नाकाशी नेला. मग जीभ लावली.

चव्वेचाळीस वर्षं मी त्या माणसाला चव घेताना पाहिलंय. तसा चेहरा कधी पाहिला नाही. त्याने तोंड उघडायच्या आधी मला बरणी दिसली, ताट दिसलं, ओतणारे माझे हात दिसले.

"साखर!" तो ओरडला. "साखर आणा कोणीतरी!"

मोठी माणसं इकडेतिकडे धावली. टेबलावर काकडी होती. शेंगदाणे होते. किटलीत चहा होता, त्यात साखर नव्हती. सरबत नव्हतं, केक नव्हता. ऐंशी पिशव्या होत्या आणि त्यातली एकही गोळी कामाची नव्हती. दादाने सांगितल्याप्रमाणे सगळं तंतोतंत झालं होतं. मुंगी त्याच्या मांडीवरून घसरली आणि तिचे डोळे वर गेले.

पुडी माझ्या हातात कधी आली ते मला आठवत नाही. डॉक्टरीणबाई गुडघ्यावर बसल्या होत्या. "कुशीवर वळवा! पाणी पाजू नका, घशात जाईल. थोडी थोडी, हिरड्यांना चोळा, गालाच्या आतून." मी बोट ओलं करून साखरेत बुडवत होते आणि त्या चिमुकल्या गालात चोळत होते. दात माझ्या बोटात रुतले. रुतू देत, म्हटलं, चावतेय तर जिवंत आहे. दादा शेजारी उभा होता. त्याचे हात पुढे आलेले, उघडे, रिकामे.

रुग्णवाहिका येईपर्यंत पुडी संपली होती. मुंगीने डोळे उघडले ते दवाखान्यात, सुई लागल्यावर. तिने पाणी मागितलं आणि पिशवी कुठे आहे ते विचारलं.

भाचेसून शिवणाची टेप गळ्यात तशीच ठेवून धावत आली होती. पोरीला हात लावून झाल्यावर ती माझ्या गळ्यात पडली. "आत्या, तुम्ही होता म्हणून." मग तिने सासऱ्याकडे वळून विचारलं, अगदी हळू आवाजात, "बाबा, त्या गोळ्या कप्प्यात आल्या कशा?"

"बरणीतून."

"बरणीत कोणी टाकल्या?"

मी तोंड उघडलं. देवाशपथ उघडलं. दादाने माझ्याकडे एकदा पाहिलं. त्याच्या मुठीत अजून तो कागद होता, दोन्ही टोकांना एकाच बाजूचा पीळ. तसा तर सगळाच माल मी गुंडाळते, त्यावरून काही सिद्ध होत नाही. पण आपण बरणी भरलेली नाही, हे त्याला माहीत होतं. आणि दुकानात आम्ही दोघंच असतो.

"मीच भरली," दादा म्हणाला. "माझ्या हातून झालं."

मी तोंड मिटलं.

त्याला आता वर्ष होईल. भाचेसून त्याला टाकून बोलली नाही कधी, पण मुंगीला त्याच्याजवळ एकटी सोडत नाही. कप्प्यात औषधाच्या दुकानातल्या चकत्या असतात. शुक्रवारी दादाच्या हाताला काम नसतं, तो उगाच बरण्या पुसत बसतो. आता प्रत्येक बरणीत हात घालण्याआधी तो थांबतो, झाकण उघडतो, एक गोळी काढून जिभेला लावतो. गिऱ्हाइकाला वाटतं म्हातारा गोडखाऊ आहे. वसाहतीत माझं नाव झालंय. पुडीवाली आत्या. यंदाच्या बैठकीत ठरलं की पोरामागे तीन गोळ्या, साखरेच्या, आणि एक साखरेचा डबा टेबलावर, त्याची जबाबदारी माझ्याकडे. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दादानेही वाजवल्या.

मी त्याला एकदा म्हटलं होतं, "दादा, मी सांगून टाकते सुनेला."

"कशाला?" तो ओटा पुसत म्हणाला. "पोरीला घरात एक तरी माणूस विश्वासाचं हवं. तू राहा."

परवा मुंगी आईबरोबर दुकानात आली. यंदाचा पहिला घाणा उतरला होता. दादाने एक नारिंगी गोळी कागदात गुंडाळली, त्याच्या पद्धतीने, एक पीळ इकडे, एक तिकडे, आणि तिच्यापुढे धरली. पोरगी मोठी झालीय, उंची वाढलीय. तिने गोळी घेतली नाही. आधी गोळीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"आजोबा, ही खरी आहे ना?"

"खरी आहे."

तिने त्याच्या हातातून गोळी उचलली आणि काउंटरला वळसा घालून माझ्याकडे आली.

"आत्याआजी, आधी तू चाख."

दादा भट्टीकडे वळला आणि पातेलं खरवडायला लागला. मी कागद सोडला, गोळी जिभेवर ठेवली. गार नव्हती. मी ती दाताने फोडली, उरलेली अर्धी तिच्यापुढे धरली आणि म्हटलं, "खरी आहे."

मग तिने ती माझ्या हातातून घेतली.